दहा महिन्यांतले वीस दिवस

बार्शीच्या डॉक्टरांनी आश्रुबाला पहिला प्रश्न बिडीचा विचारला. आश्रुबा म्हणाला, बिडी कधी ओढली नाही, तंबाखूही नाही. दुसरा प्रश्न कामाचा होता. तेव्हा तो सरळ बसला. तेरा वर्षं लष्करात, त्यातली अकरा गाड्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, ब्रेकवर. ट्रकचं चाक उतरवायचं, ड्रम काढायचा, आत साचलेली भुकटी हवेच्या नळीनं उडवायची, नव्या पट्ट्या कानशीनं घासून बसवायच्या. दिवसाला आठ चाकं. शेडला दार एक, खिडकी नाही.

"तोंडाला काही बांधायचात?"

"रुमाल. त्यो बी घाम पुसायला."

फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला. त्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असतो, त्याची भुकटी छातीत वर्षानुवर्षं बसून राहते, असं डॉक्टरांनी समजावलं आणि कागदावर लिहूनही दिलं. किती दिवस राहिले, हे आश्रुबानं विचारलं नाही. कागदावर शिक्का आहे ना, एवढं पाहिलं.

हे चौऱ्याऐंशी साल. आश्रुबा त्रेचाळीस वर्षांचा. धारूरच्या डोंगराकडेच्या गावात त्याला सगळे मिल्ट्री म्हणत. पंधरा वर्षं भरायच्या आत स्वतः अर्ज करून तो लष्करातून सुटला होता, म्हणून पेन्शन नव्हतं. गावच्या सोसायटीच्या गोदामावर तो राखणदार होता. खताची पोती मोजून आत घ्यायची, मोजून बाहेर सोडायची. दहा वर्षांत एक पोतं इकडचं तिकडं झालं नव्हतं.

बीडला सैनिकांच्या कचेरीत धर्मराज नावाचा कारकून होता, स्वतः निवृत्त हवालदार. त्यानं सगळे कागद पाहिले आणि सांगितलं, "अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज बसतो. आजार नोकरीतनं आला, एवढं त्यांनी मान्य कराया पायजे."

"त्यांनी मान्य कराया काय? आलाय तिथनंच."

"मिल्ट्री, तुला माहीत, मला माहीत. कागदाला माहीत पायजे."

अर्ज गेला. सात महिन्यांनी उत्तर आलं. आजाराचा लष्करी सेवेशी संबंध दिसून येत नाही. अर्जदारानं सन १९७२-७३ मध्ये दुष्काळी कामावर दहा महिने सलग दगडफोड केल्याचं तहसीलकडून आलेल्या मस्टरवरून दिसतं. छातीत धूळ गेली ती तिथं.

आश्रुबानं पत्र दोनदा वाचलं. मग बायकोला, चंद्रभागाबाईला, वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कोन दगड फोडत हुतं म्हनं?"

"मी."

"तुमी?" ती हसली. "तुमी वीस दिवस फोडली खडी. ती बी वाकडी."

खरंच होतं ते. बहात्तरच्या दुष्काळात गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं. आश्रुबा तेव्हा उत्तरेत, छावणीत. चंद्रभागाबाई सासूला घरी ठेवून कामावर गेली. टोळीचा प्रमुख होता गावचा सुंदरराव, मोठ्या जमिनीचा तरणाबांड माणूस. तो वही घेऊन ढिगापाशी उभा राही आणि विचारी, हा ढीग कुणाचा? बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. शेजारीण सांगे, आश्रुबाच्या घरचा. सुंदरराव लिही, आश्रुबा. चंद्रभागाबाईनं एकदा म्हटलंही होतं, "अण्णा, माझं नाव लिवा की, खडी मी फोडते." त्यावर टोळीसमोर तो म्हणाला, "बाईच्या नावाचा ढीग कुटं असतो काय?" सगळे हसले. ढीग मात्र तिचाच मोठा असायचा.

मार्चात आश्रुबा वीस दिवस रजेवर आला. बायको खडीच्या ढिगावर बसलेली, डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं. त्यानं तिच्याशेजारी बसून वीस दिवस खडी फोडली आणि परत गेल्यावर सुटकेचा अर्ज टाकला. सुटायला पुढचं साल उजाडलं. काम संपेपर्यंत खडी तिनंच फोडली.

आश्रुबानं ट्रंकेतून डिस्चार्ज बुक काढलं. रजेची पानं त्यात होती. वीस दिवस, तारखांसकट. तो धर्मराजकडं गेला. धर्मराजनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला.

"आरं, एकच मानूस एका दिवशी छावणीत बी आन तलावावर बी?"

"मी छावणीत. तलावावर आमची बायको."

"मंग मस्टर खोटं हाय असं लेखी द्यावं लागंल. मस्टर कुनी लिवलं?"

सुंदररावानं. तो आता सोसायटीचा चेअरमन होता, साखर कारखान्याच्या संचालकपदालाही उभा राहणार होता. आश्रुबानं तसं लिहून अपील केलं, ते सुंदररावाला आठवड्यात कळलं. तो जीप घेऊन गोदामावर आला, उतरला नाही.

"मिल्ट्री, बारा वर्साखालचं मस्टर उकरून काय घावनार हाय तुला?"

"पेन्शन."

"खोटं मस्टर म्हंजी गुन्हा असतो. मजुरीचं सरकारी धान्य कुनी खाल्लं? तुमच्याच घरानं. पयली बेडी तुझ्या बायकोच्या हातात पडंल."

"धान्य खाल्लं. खडी बी फोडली."

"माझं ऐक. तुझ्या दवापान्याचं मी बघतो. अपील माघारी घे."

"अण्णा, दवापान्याचं तुमी बघितलं तर आजार तुमच्या तलावाचाच ठरंल. आजार लष्कराचा हाय, लष्कराला बघू द्या."

"लई बोलाय लागलास बे."

"छाती धरती म्हनून थोडक्यात बोललो. न्हाईतर अजून हाय."

जीप गेली. आश्रुबा पोत्याला टेकून खाली बसला. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग उठून त्यानं उरलेली पोती मोजली.

घरी आल्यावर त्यानं बेडीचं सांगितलं. चंद्रभागाबाई म्हणाली, "घालू द्या. बेडी घालताना नाव तर माझं लिवतील."

चौकशी बीडला झाली. पुण्याहून एक मेजर आले होते, मराठी माणूस, चष्म्यातून कागद वाचणारे. मस्टरची खात्री करायला सुंदररावालाही बोलावलं होतं. तो कडक इस्त्रीत आला आणि खुर्ची ओढून बसला. आश्रुबा उभा राहिला. बसा म्हटलं तरी उभाच. उभं राहून श्वास जरा बरा चालतो, एवढंच म्हणाला.

मेजरनी आधी त्यालाच धरलं. "तुम्ही रजेवर आला होतात. तेव्हा दगड फोडले?"

"फोडले, साहेब. वीस दिवस."

धर्मराजनं दाराशी उभ्या उभ्या डोळे मिटले. कबूल करायची काही गरज नव्हती.

"म्हणजे धूळ गेली."

"वीस दिवसांची गेली. ती माझ्याकडं लावा. बाकीची दोनशे ऐंशी दिवसांची माझी न्हाई. आन अकरा वर्सांची ब्रेकची हाय, ती तुमची."

मेजरनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. मग सुंदररावाकडं वळले. "मस्टर तुमच्या हातचं?"

"व्हय साहेब. सगळं बरोबर हाय. रोज ढीग बघून लिवलेलं."

"तेवीस फेब्रुवारी. या दिवशी हा माणूस तुमच्यासमोर होता?"

"नाव हाय की त्याचं."

"नाव नाही विचारलं. माणूस."

सुंदररावानं रुमाल काढला. "साहेब, तीनशे मानसं हुती. कुनाचं घरचं कोन, आता बारा वर्सांनी कसं…"

"मला हाय की ध्यानात." चंद्रभागाबाई भिंतीशी बसली होती, ती उठली. "अण्णा, त्या दिवशी तुमी माझ्या ढिगाची खडी उचलून म्हनलात, ही जाड हाय, पुन्ना फोड. पुन्ना फोडली. कुनी फोडली?"

सुंदरराव खिडकीकडं पाहू लागला.

मेजर म्हणाले, "बाई, तुमचा जबाब लिहायचा आहे. पहिल्यांदा नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

धर्मराज पुढं होऊन सांगणार, तोच तिनं हातानं त्याला मागं सारलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ते नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता तिनं पदर सारखा केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आश्रुबा. आश्रुबा रामभाऊ. ते लष्करात हुते. दगड मी फोडले. मी चंद्रभागा. लिवा."

लिहिणाऱ्यानं मान वर केली.

"कसे फोडायचात?" मेजरनी विचारलं. परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे, त्यांना खरंच ऐकायचं होतं.

"मोठा दगड घणानं मानूस फोडतो. त्याचे तुकडे बाईकडं. तुकडा आडवा धरायचा, शीर बघायची, शिरंवर हातोडी. उबा धरला की निसटतो आन हितं बसती." तिनं डावा अंगठा पुढं केला. नख कधी परत आलं नव्हतं. "दीड इंचाचीच खडी. मोठी झाली की ढीग मोडत हुते. माझा एकदाच मोडला. अण्णांनीच."

मेजर बराच वेळ लिहीत होते. शेवटी सुंदररावाला म्हणाले, "खाली सही करा. तेवीस फेब्रुवारीला ढिगावर बाई होती, एवढंच लिहिलंय."

त्यानं सही केली. पेन टेबलावर टाकलं, ठेवलं नाही.

पुढच्या आठवड्यात सोसायटीनं आश्रुबाला गोदामावरून कमी केलं. कारण लिहिलं, तब्येत. किल्ली देताना आश्रुबानं चेअरमनच्या माणसाला उन्हात उभं करून सगळी पोती मोजून घ्यायला लावली. एकशे अठ्ठ्याण्णव. मगच किल्ली सोडली.

चार महिन्यांनी पत्र आलं. आजार सेवेतून उद्भवल्याचं मान्य. पेन्शन मंजूर. धर्मराज स्वतः बसनं पत्र घेऊन आला. आश्रुबा तोवर खाटेवरून भिंतीपर्यंत आणि भिंतीवरून दारापर्यंत असा चालत होता. त्यानं पत्र वाचलं, घडी करून डिस्चार्ज बुकात ठेवलं.

"झालं की रं मिल्ट्री," धर्मराज म्हणाला. "आता पड निवांत."

"अर्धं झालं."

दुसऱ्या दिवशी तो चंद्रभागाबाईला घेऊन तहसीलला गेला. पायऱ्या नऊ होत्या; तीनदा थांबला. अर्ज त्यानं स्वतः लिहिला होता. पाझर तलावाच्या मस्टरवर आपलं नाव दहा महिने लागलं आहे. त्यातले रजेचे वीस दिवस ठेवून बाकी सगळ्या दिवसांवर चंद्रभागाबाईचं नाव लावावं.

कारकुनानं अर्ज उलटासुलटा केला. "बाबा, तुमचं पेन्शन तर झालं ना? मग आता याचा काय उपयोग?"

"उपयोग न्हाई इचारला. काम कुनाचं, ते लिवा."

"असं नाव बदलता येत नाही. साहेबांना विचारावं लागंल. साहेब दौऱ्यावर हायत."

"मंग पोच द्या."

"पोचेला बी वेळ लागंल."

"लागू द्या," आश्रुबा म्हणाला. त्यानं बाकावर चंद्रभागाबाईला जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसला. बसून राहण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता. तरी बसला.