सेंटरिंग काढायचं राहिलं

बातमी आली तेव्हा मी आयर्लंडमधल्या मेनूथ गावी, घरी कांदा परतत मोठ्याने गात होतो. फोन सुनंदावहिनींचा. "अविनाश गेला," एवढंच म्हणाल्या. कोविड, हॉस्पिटल, दहा दिवस... कांदा जळून गेला. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती आणि मी अकरावा ठरलो. मग कोट-टाय घालून लॅपटॉपसमोर बसलो आणि वीस वर्षं जुन्या मित्राला पडद्याच्या कोपऱ्यात पाहून निरोप दिला. एरवी कुठेही टाळ्या घेणारा मी, त्या दिवशी मला नमस्कारही धड जमला नाही.

अविनाश मूळचा नागपूरचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहायला माझ्या शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ल्यूकनला. नोकरी गोदामांच्या छपरांची, जीव मात्र रोमनांवर. कुणाकडे जेवायला गेला की लोक भजी खात आणि हा रोमनांच्या काँक्रिटमधली ज्वालामुखीची राख, दऱ्यांवरून शहरात पाणी आणणारे त्यांचे कालवे, मधोमध आभाळासाठी भोक ठेवलेला घुमट असं सगळं ताटात वाढायचा. "वजनाने कमान पडत नाही बे, घट्ट होते!" मी चिडवायचो, "अरे, तुझे रोमन आयर्लंडकडे फिरकलेसुद्धा नाहीत." तो शांतपणे म्हणायचा, "कशाला फिरकतील? इथे पाणी वरूनच येतं."

२०२० च्या वसंतात तो रोमला जाणार होता, आयुष्यात पहिल्यांदा. तिकिटं रद्द झाली. मग त्याने मागच्या अंगणातच रोम उभारायला घेतलं. कुणाच्यातरी पाडलेल्या भिंतीच्या विटा आणल्या, एकेक घासून एका बाजूने निमुळती केली, खालून आधाराला लाकडाचं सेंटरिंग उभारलं आणि त्यावर माणूसभर उंचीची कमान रचली. सिमेंटचा कण नाही. त्याची चौदा वर्षांची ईरा विटा हातात देता देता विचारायची, "बाबा, इट्स ग्रँड, बट व्हाय?"

नाताळच्या आठवड्यात काउंटीबाहेर जायला थोडे दिवस मोकळीक मिळाली, तसा त्याचा फोन आला. "ये बे नाटक्या. सेंटरिंग काढताना रोमन लोक म्हणे बांधणाऱ्यालाच खाली उभं करायचे. आपण दोघं उभं राहू. तुझ्याशिवाय काढत नाही." मी म्हणालो, "एवढ्या थंडीत मरायला बोलावतोस? उन्हाळ्यात येतो." दोघंही खूप हसलो... हे बोलणं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये वीस किलोमीटरपर्यंत जाता येऊ लागलं, तेव्हा वहिनींनी बोलावून घेतलं. घर भाड्याचं, मालकाला अंगण मोकळं हवं होतं. "लाकडासकट पाडून टाका," वहिनी म्हणाल्या. "लाकूड काढलं आणि कोसळली तर? त्याचं शेवटचं काम चुकलं, हे मला बघायचं नाही."

"नो, आई," ईरा म्हणाली. "लेट इट स्टँड वन्स. जस्ट वन्स."

वहिनी आत गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

मी हातोडी घेऊन वाकलो. सेंटरिंगच्या खांबांखाली पाचरी होत्या; त्या ठोकून सैल केल्या की लाकूड खाली बसतं. पहिल्या पाचरीला नुसता हात लावला, तर ती हातातच आली. दुसरीही तशीच. मला काही कळेना. तेवढ्यात ईराने फळी आणि विटा यांच्यामधून बोट फिरवलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेलं.

"काका, इट्स नॉट टचिंग."

पाचरी त्याने स्वतःच सैल केल्या होत्या. मी येत नाही म्हटल्यावर, एकट्यानेच. लाकूड बोटभर खाली बसलं होतं आणि सगळा हिवाळा, त्या वाऱ्यापावसात, कमान स्वतःच्या बळावर उभी होती. लाकूड मात्र त्याने जागचं हलवलं नव्हतं. उन्हाळ्यात मी आलो असतो, तर मला काही न सांगता माझ्या शेजारी तो श्वास रोखून उभा राहिला असता.

वहिनी अनवाणीच ओल्या गवतातून आल्या. त्यांनीही फटीत बोट घातलं. "मलासुद्धा बोलला नाही," म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या.

थोड्या वेळाने आम्ही लाकूड बाहेर ओढलं. एक वीटही हलली नाही. ईराने आईला हाताला धरून कमानीखाली नेलं. त्याने जागा दोघांपुरतीच ठेवली होती.

मी बाहेर उभा राहिलो.