फाटकातलं औषधाचं पाणी

कन्नडच्या रस्त्याला आमचा डुकरांचा फार्म होता. तिथं येणारे जनावरांचे डॉक्टर मला कधी घाईत दिसले नाहीत. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असायचं. त्यात दोन्ही बूट बुडवल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. सुई टोचण्याआधी डुकरिणीला म्हणायचे, "बाई, जरा थांब."

एकदा तीन डुकरिणींनी खाणं सोडलं, कान लालभडक झाले. मी म्हटलं, "डॉक्टर, डुकरांचा नेहमीचा जुनाच ताप असंल ना? त्याची लस तरी हाय."

त्यांनी रक्त घेतलं. "दोन्ही ताप दिसायला सारखेच, ताई. दुसरा, आफ्रिकन ताप निघाला तर त्याला लस नाय, समदा कळप मारावा लागतो. रिपोर्ट येईपर्यंत मी कुठलंच नाव घेणार नाय."

मला रागच आला. खोटा का होईना, धीर द्यायला यांचं काय जात होतं?

चौथ्या दिवशी ते स्वतः आले. फोनवर सांगणं त्यांना जमलं नसावं. आफ्रिकनच निघाला होता. कळप मारायला दुसऱ्या दिवशी माणसं येणार होती.

"एकदा बघून येतो," म्हणाले आणि घमेल्यात बूट बुडवायला लागले.

"आता कशाला, डॉक्टर?" मी चिडून विचारलं.

"आज जिती हायेत ना ती," ते म्हणाले, आणि दुसराही बूट बुडवला.