एकाच पंखाचा क्रॉस

धसईच्या बाजारात सुकटवाल्या बायकांच्या पलीकडे तो गोंदायला बसतो. त्याचं नाव मला माहीत नाही. मी शेजारच्या टपरीवर चहा पितो आणि त्याचं बोलणं ऐकतो. हल्ली तरण्या पोरांना हातावर क्रॉसच लागतो, म्हणून त्याने एका पुठ्ठ्यावर क्रॉसचे नमुने चिकटवलेत. साधा असेल तो देवाचा, काट्यांचा असेल तो सोसलेल्याचा, आणि पंखांचा असेल तो घरचं माणूस गेलेल्याचा. हे अर्थ आपण फोनवर बघितले, असं तो स्वतःच सांगतो. पाळतो मात्र उपासासारखे कडक. मशीन चालू करण्याआधी प्रत्येकाला विचारतो, "घरची सगळी हायेत ना?"

परवा एका टेम्पोवाल्याने पंखांचा क्रॉस मागितला.

"कोण गेला तुझा?"

"कोण नाय. भारी दिसतो."

"आय जिती हाय ना? मंग पंख नाय काढायचा मी. साधा घे."

टेम्पोवाला चिडून उठून गेला. गोंदणाऱ्याच्या स्वतःच्या मनगटावर मात्र क्रॉस होता, एकाच पंखाचा. मी म्हटलं, "तुमचा अर्धाच राहिला की."

"भाऊ वीटभट्टीवर गेला, तो परत आलाच नाय. बाबा म्हणतो मेला, आय म्हणते येल. मंग दोघांचा पण मान ठेवला."

त्याने मशीनची सुई बदलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला.

"घरची सगळी हायेत ना?"