भालचंद्रकाकांचा दडवलेला माल

मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यात भालचंद्रकाका तेवीस वर्षं गोदाम सांभाळत होते. अडीअडचणीसाठी दोन दिवस पुरतील एवढे ब्रेकचे पाइप ते नोंद न करता मागे दडवून ठेवत, आणि रस्ता बंद पडला की ऐटीत बाहेर काढत.

आज पहाटे माल येतो तो जयपूर हायवे बंद पडला, आणि दुपारी ते मॅनेजर संपदाकडे गेले. "घाबरू नकोस, माल आहे माझ्याकडे."

"काका, सगळ्या कारखान्यांच्या सामायिक स्क्रीनवर तुमचा साठा शून्य होता. सिस्टिमने सकाळीच आपल्या फरीदाबादच्या कारखान्याचा माल इकडे वळवला. तिकडचं काम आता ठप्प आहे."

"मला एक फोन करायचास ना, यार."

"तुम्ही एक नोंद करायचीत ना. आता तरी करा."

काकांनी एका बोटाने आकडा भरला. मिनिटभरात स्क्रीनवर त्यांचा सगळा माल फरीदाबादला पाठवायचा सिस्टिमचा हुकूम आला. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.