एका विमानातला अबोला

माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याच काळात ते एका विमानात बसून लंडनहून मेलबर्नला निघाले होते. तेही विरारजवळच्या आचोळ्यातल्या माझ्या हॉलमधून. ज्याला सांगावं तो हसतो. मला हसू येत नाही. मला त्या दोघांचा राग येतो, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

१९३४ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत विमानांची शर्यत झाली होती. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन असे सक्तीचे थांबे होते. ती शर्यत कॉम्प्युटरवर पुन्हा उडवायची असं हौशी लोकांच्या एका ग्रुपने ठरवलं. जुनीच विमानं, जुनीच वाट आणि घड्याळ खरं. म्हणजे बगदाद यायला जितके तास लागतील तितके तास खुर्चीत बसून राहायचं. एका विमानात दोघं, आळीपाळीने झोपायचं, आणि एकदा दिलेली नावं बदलायची नाहीत. माझ्या भावांनी नावं दिली तेव्हा दोघं गळ्यात गळे घालून फिरत होते. खरं विमान दोघांनी आतून पाहिलंय ते एकदाच, गोव्याला जाताना. पण बोलणं ऐकाल तर वाटेल, वैमानिकाच्या घरात जन्मलेत.

विरारच्या थोरल्याकडे जागा नाही, आणि तुळिंजच्या धाकट्याची बायको असले चाळे खपवून घेत नाही. मी लग्न केलं नाही, आई आणि मी दोघीच राहायचो, म्हणून ताईचा हॉल म्हणजे धर्मशाळा. टेबल, स्क्रीन, दोन स्टिअरिंग आणि एकामागे एक दोन खुर्च्या. मूळ विमानातही वैमानिक असेच एकामागे एक बसायचे म्हणे. आईची खाट त्यापायी भिंतीला सरकवली होती.

मग आई गेली. तिला धाप लागली, धाकटा म्हणाला बोरिवलीला नेऊ, थोरला म्हणाला इथलाच दवाखाना बरा, आणि वाद चालू असतानाच तिला उशीर झाला. तेराव्याच्या दिवशी दोघांनी एकमेकांना 'तू मारलंस' म्हटलं आणि तोंडं फिरवली. ते सामान मात्र तसंच राहिलं, कारण एकाने नेलं तर दुसऱ्याचा जळफळाट. मी धूळ पुसायची!

शर्यतीची तारीख आली ती वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात. मला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी दोघांनी एका पंगतीला बसून आईच्या नावाने जेवावं. धाकट्याने तर निरोपच धाडला होता, तो असेल तर मी उंबरा ओलांडणार नाही. पण शर्यतीतून माघार कोण घेणार? जो घेईल तो हरला. म्हणून दोघं हजर झाले, आपापली उशी घेऊन. मला वाटलं, तीन दिवस एका विमानात बसायचंय, झक मारत बोलतील. भाबडी मी.

थोरला पुढे, स्टिअरिंगवर. धाकटा मागे, नकाशा आणि पेट्रोलच्या टाक्या सांभाळायला. पहिल्याच तासाला पुढून हाक आली, "ताई, त्याला विचार, दिशा किती?"

धाकटा तीन फुटांवर बसलेला. त्याच्या कानात काही बोळे नव्हते. पण तो ढिम्म. मी हातातली पोळी टाकून आले आणि विचारलं, "दिशा किती रे?" मग साहेबांनी आकडा मला सांगितला, मी तो पुढच्या खुर्चीला सांगितला. युरोप असा पार झाला. बगदाद असंच आलं. "सांग त्याला, खाली घे." "त्याला म्हणावं, मला कळतं." आमच्याकडे अबोला म्हणजे असाच असतो, मधल्या माणसाचा जीव घेणारा. माझ्या घशाला कोरड पडली आणि या दोघांचा चहा वेळेवर हवा.

अलाहाबादला उतरताना गंगा-यमुना दिसल्या. आईला एकदा प्रयागला जायचं होतं, वर्षानुवर्षं म्हणत होती. एकानेही नेलं नाही. आता बरे खुर्चीत बसून उतरले दोघं! ओठांवर आलं होतं, गिळलं, कारण मला पंगत हवी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डार्विनच्या अलीकडचा समुद्र लागला. पुढे एकच विमान उरलं होतं, आणि तेही हातातोंडाशी आलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकदम इंजिनाचा आवाज अडखळला.

"ताई, सांग त्याला, टाकी बदल," थोरला ओरडला.

टाकीची कळ धाकट्याच्या बोटाखाली होती. त्याने ऐकलं. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मी सांगायची वाट बघत बसला.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तो इथेच बसलाय. तूच सांग."

"ताई, लवकर!"

"त्याला सांग म्हणतेय ना! भाऊ आहे तुझा."

थोरल्याने दात आवळले. धाकट्याचं बोट कळीवरच होतं, पण हललं नाही. इंजिन बंद पडलं. समुद्र वर वर येत गेला आणि स्क्रीन काळी झाली. पडलं की शर्यतीतून बाद, असा नियमच होता.

"मुद्दाम केलं हिने," धाकटा म्हणाला.

"मुद्दामच," थोरला म्हणाला. मागे वळून, त्याच्याकडे बघून.

वर्षभरातला पहिला शब्द. देवाशप्पथ सांगते, क्षणभर मला आनंद झाला.

"आईच्या वेळीही अशीच दारात उभी होती," धाकटा म्हणाला. "हूं की चूं नाही."

"हो ना. हिने तेव्हा ठामपणे सांगितलं असतं, तर आपण कशाला भांडत बसलो असतो?"

"आई असती रे आज."

मी सांगितलं होतं! आईचा हात धरून ओरडले होते, भांडण मागाहून करा, आधी हिला खाली न्या. तेव्हा दोघं एका सुरात म्हणाले होते, "ताई, तू मध्ये बोलू नकोस." हे सगळं मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. पण ऐकतो कोण? थोरला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, तुझी चूक नव्हती रे. आणि तो म्हणत होता, दादा, तुझीही नव्हती.

वर्षश्राद्धाला दोघं आले. शेजारी शेजारी बसले, एकमेकांना वड्यांचा आग्रह केला, पोटभर जेवले. मी वाढत होते. निघताना धाकट्याने चपला घातल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही दोघांनी तुला माफ केलंय."

थोरल्याने मान डोलावली. मी दार लावून घेतलं.