खळीचं बलुतं

शहापूरची जुनी पहाट ज्यानं पाहिली नाही, त्याला पांढऱ्या रंगात किती रंग असतात हे सांगून कळायचं नाही. बेळगावला खेटून असलेलं हे गाव तेव्हा सांगली संस्थानात होतं. घराघरात माग होता, आणि तांबडं फुटायच्या आत गल्ल्यागल्ल्यांतून सुताचे लांबच लांब ताणे पसरलेले असायचे. धुक्यात ते असे दिसायचे की वाटावं, रात्री कुणी तरी दुधाच्या नद्या गावातून सोडून दिल्या आहेत आणि आता माणसं त्यांच्या काठाकाठानं चालली आहेत.

त्या कामाला पाजणी म्हणतात. ताणा मागावर चढवण्याआधी त्याला शिजवलेल्या पिठाची खळ पाजावी लागते. बांबूच्या कैच्यांवर सूत ताणायचं, दोन्ही अंगांना उभं राहायचं आणि कुंच्यानं खळ लावत लावत पुढं सरकायचं. खळ नीट बसली तर दोरा मागावर धावणाऱ्या धोट्याचा मार सोसतो. बिघडली तर विणणाऱ्याचे दिवस गाठी मारण्यातच जातात. आणि खळ बिघडवायला माणूस लागत नाही, हवा पुरते. कोरडा वारा सुटला की घट्ट खळ कडक होते, दोरा काटकीसारखा मोडतो. हवा दमट असली की पातळ खळ वाळत नाही, दोऱ्याला दोरा चिकटतो. आणि पाऊस आला तर सगळंच गटारात.

या गावात खानापूरकडच्या एका खेड्यातून बायाक्का लग्न होऊन आली. तिच्या माहेरी भात पिकायचं, वर्षातला निम्मा काळ धुकं आणि पाऊस. भात वाळत घालावं की नको, हे तिची आई पहाटे अंगणात उभी राहून ठरवायची. त्या आईच्या पदराला धरून ही पोर हवा वाचायला शिकली. पण विणकराच्या घरात सून म्हणून आल्यावर तिला कोण विचारतो? तिचा नवरा परसू उत्तम विणकर. तो विणायचा, ही कांड्या भरायची.

मग एका बाजाराच्या दिवशी परसूच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. मागाच्या खड्ड्यात बसून पावड्या दाबायला दोन्ही पाय लागतात. माग मुका झाला.

सुताचे व्यापारी मारुतीराव घरी आले. माणूस गोड बोलायचा. म्हणाले, "परसू, माग माझ्या वाड्यात आणून ठेव. तू बसून कांड्या भर, बाई झाडलोट करंल. दोघांचं पोट माझ्याकडं लागलं म्हण."

बायाक्का दाराआडून म्हणाली, "सावकार, थोडं थांबा. बघतो आमचं आम्ही."

तिला ठाऊक होतं, एकदा माग त्या वाड्यात गेला की पाठोपाठ माणसंही जातात, आणि मग दारातून बाहेर पडायलाही विचारावं लागतं.

त्याच सुमारास शेजारचा यल्लाप्पा गल्लीत कुंचा आपटून शिव्या देत होता. त्याचा ताणा चिकटून दोरखंड झाला होता. बायाक्का पाण्याला चालली होती. ती थांबली, त्याच्या ताण्यातला एक सुटा दोरा तिनं खालच्या ओठाला लावला.

"यल्लाप्पा, हवेत पानी हाय आज. खळ घट्ट कर, थोडीच लाव."

"तुला कसं गं कळलं?"

"लेकराला दूध पाजताना ऊन हाय का गार, ते कशानं बघत्यात? ओठानंच न्हवं?"

यल्लाप्पानं हसत हसत ऐकलं, आणि उरलेला अर्धा ताणा असा उतरला की तो स्वतःच त्यावरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला हाक मारून बोलावलं. मग पलीकडच्या घरानं बोलावलं. कुणी पसाभर जोंधळे द्यायचं, कुणी गुळाचा खडा.

पण अशानं चूल पेटती राहत नाही. पाजणी साधली की लोक म्हणायचे, आमचा हात चांगला. फसली की म्हणायचे, बायाक्कानं सांगितलं होतं. आणि उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवसांत तर कुणी हाकच मारायचं नाही. मारुतीरावांचा निरोप पुन्हा येऊन गेला.

सुगीला ती माहेरी गेली. खळ्यावर मळणी चालली होती. लोहार आला, सुतार आला, आपापलं बलुतं घेऊन निघाले. पाठमोऱ्या सुताराकडं बोट दाखवून ती भावाला म्हणाली, "अण्णा, औंदा तुझा नांगर तर मोडलाच न्हाय. मग ह्येला कशापायी?"

भाऊ म्हणाला, "मोडला असता तर आला असता न्हवं पळत? त्येच्या असन्याचं हाय ते."

बायाक्का खळ्याच्या कडेला भाताच्या राशीकडं बघत बसून राहिली. शहापूरला परतली ती ही एक गोष्ट पदराला बांधून.

गल्लीतल्या कट्ट्यावर माणसं बसली होती, तिथं जाऊन ती उभी राहिली. "मला रोजचं काय देऊ नगासा. तुळशीचं लगीन झाल्यावर, वरसातनं एकदा, ज्येला जे जमंल ते बलुतं घाला. मी रोज पहाटं येनार, बोलावा नगा बोलावू. कुंच्याला हात लावनार न्हाय. खळ कशी करायची आनि का, दोन्ही सांगनार."

कट्टा खदखदून हसला. यल्लाप्पा तर मांडी थोपटायला लागला. "आक्का, तुझ्या म्हायारचं खळं आनि हितली खळ, एकच समजलीस व्हय गं? बलुतं खळ्यावर असतंय, खळीवर न्हाय!"

"असंल. पन खळ्यात दानं मिळत्यात आनि खळीवर तुझं पोट हाय. फरक काय सांग."

एकजण म्हणाला, "लोहार फाळ करतोय, सुतार नांगर करतोय. तू करतीस काय? बोलतीस!"

"मग उद्यापास्नं बोलत न्हाय," असं म्हणून ती घरी निघाली.

यल्लाप्पा उठून मागोमाग आला. "थांब गं. राग नाकावरच हाय. माझ्या घरचं धर. पन एक, माझी बायको बी लई बोलती, तिला ह्यातलं काय सांगू नगंस. ती बी बलुतं मागंल."

असं ते सुरू झालं. पहिल्या वर्षी चार-दोन घरं, मग गल्ली, मग शेजारची गल्ली. ती रोज पहाटे दोरा ओठाला लावायची, छपरांवरचा धूर वर चढतो की बसून राहतो ते बघायची, आणि दारोदार सांगत जायची. का ते सांगायला विसरायची नाही. परसू म्हणायचा, "समदं सांगून टाकतीस. उद्या तुला कोन इचारंल?" ती म्हणायची, "आंधळ्याला हाताला धरून किती दिस फिरवू?"

व्याप वाढला तशी नवी अडचण आली. पाजणी सगळीकडं एकाच वेळी, आणि बायाक्का एकटी. शेजारच्या वडगावचे विणकर बोलवायला आले, खासबागेतून माणूस आला. ती एका गल्लीतून दुसरीत पोचेपर्यंत ऊन चढायचं. हाताखाली बायका घे, असं लोकांनी सुचवलं. ती म्हणाली, "ओठ माझा, शब्द त्यांचा, हे जमायचं न्हाय."

उपाय काढला तो परसूनं. घराच्या छपराला त्यानं उंच बांबू बांधला आणि तीन रंगांच्या सुताच्या लड्या तयार केल्या. पांढरी लडी म्हणजे खळ पातळ. तांबडी म्हणजे घट्ट. काळी म्हणजे आज ताणा पसरू नका.

आणि काय सांगावं त्या दृश्याचं! पहाटेच्या धूसर उजेडात बांबूवर एक लडी वर सरकायची आणि शहापूरच्या गल्लीगल्लीत माना वर व्हायच्या. इथून हाक निघायची, "तांबडीऽ!" पुढची गल्ली ती झेलायची, तिथून खासबाग, तिथून वडगाव. एका बाईच्या ओठावर उमटलेला ओलावा दिवस उजाडायच्या आत हजारो दोऱ्यांत उतरलेला असायचा. राजाच्या दवंडीलासुद्धा एवढं लवकर कुणी ऐकत नसेल. म्हातारे विणकर हात जोडायचे ते सूर्याला की बांबूला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

लडी सगळ्यांनाच दिसायची, बलुतं घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्यालाही. तरी दर तुळशीच्या लग्नानंतर तिच्या दारात सुपं यायची. काहीजण नाही द्यायचे. त्यांची नावं तिनं कधी घेतली नाहीत.

मारुतीरावांनी हे सगळं पाहिलं होतं. एकदा ते पुन्हा आले. "बाई, बांबू माझ्या वाड्यावर लाव. वर्षाचं धान्य, लुगडी, समदं माझ्याकडनं. लडी तूच चढव. फक्त मालाची घाई असंल तवा काळी चढवायची न्हाय."

बायाक्का म्हणाली, "सावकार, मग ती लडी तुमची झाली. लोक वर बघत्यात ते आभाळाचं इचारायला. तुमचं इचारायचं असंल तर वाड्यावरच येतील की."

मारुतीराव हसले. पण त्या हसण्याला धार होती.

त्यानंतरची दिवाळी आली. लुगड्यांना अशी मागणी की माग दिवसभर थांबत नव्हते. ताण्यामागून ताणे लागत होते. अशा ऐन घाईत एका पहाटे बायाक्कानं दोरा ओठाला लावला आणि ती दचकली. दोरा ओला गच्च. परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. तिनं काळी लडी चढवली.

गल्ल्या थांबल्या. कुंचे कोरडे राहिले. आणि थोड्या वेळानं सूर्य वर आला, लखलखीत, ढगाचा ठिपका नाही. दिवसभर तसाच तळपत राहिला. मारुतीरावांच्या माणसांनी मात्र पाजणी केली होती आणि त्यांचे ताणे कडक वाळून मागावर गेले. बाकी सगळ्या गावाचा दिवस बुडाला.

दुपारी बायाक्काला कारण सापडलं. शेजारच्या रंगाऱ्यानं दिवाळीच्या घाईत रंगवलेलं ओलं सूत पहिल्यांदाच रात्रभर परसात टांगलं होतं, नेमकं वाऱ्याच्या अंगाला. तिच्या दोऱ्यानं पावसाचा नाही, रंगाऱ्याच्या सुताचा ओलावा शोषला होता.

परसू म्हणाला, "रंगाऱ्याच्या सुताचं कुनाला ठाव न्हाय. देवाची मर्जी म्हन आनि गप बस. तुळशीचं लगीन तोंडावर आलंय."

ती उठली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात तेच सांगितलं. "रंगाऱ्याची चूक न्हाय. मी धूर बघितला न्हाय. ओठावरच भरवसा ठेवला. धूर सरळ वर चालला हुता, बघितला असता तर कळलं असतं." कुणी मान हलवली, कुणी तोंडावर दार लावलं. एकजण म्हणाला, "औंदा बलुत्याची वाट बघू नगंस, आक्का." ती बरं म्हणून पुढं गेली.

दुसऱ्या पहाटे मारुतीरावांच्या वाड्यावरही बांबू उभा होता. त्यावर पांढरी लडी डुलत होती. लोकांनी ती आधी पाहिली. मग बायाक्काच्या छपरावर लडी चढली. तांबडी.

खळीची भांडी भरलेली, माणसं दोन लड्यांकडं आळीपाळीनं बघत उभी. बायाक्का खाली गल्लीत आली. बोलायचं होतं ते काल बोलून झालं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

यल्लाप्पानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग वाकून ताण्यातला एक दोरा धरला आणि आपल्या झुपकेदार मिशीखालच्या ओठाला लावला. डोळे मिटले. मान वर करून छपरावरचा धूर बघितला. धूर कौलांवर बसून होता. त्याला बघून पलीकडच्यानं दोरा उचलला. मग त्याच्या बायकोनं. मग पुढच्या घरानं. बघता बघता अख्खी गल्ली, बाप्ये, बाया, म्हातारेकोतारे, दोरा ओठाला लावून डोळे मिटून उभी होती, जणू सगळ्या गावाला एकदमच काही आठवत होतं. दोरा ओठाला का लावायचा ते बायाक्का दारोदार सांगत आली होती, पण तो एवढ्या माणसांच्या ओठांवर पहायला मिळेल असं तिच्या स्वप्नात नव्हतं.

"घट्टच हाय की रं!" यल्लाप्पा ओरडला. "तांबडीऽ!"

हाक खासबागेकडं गेली. कुंचे खळीत बुडाले. मारुतीरावांच्या वाड्यासमोरच्या विणकरांनीसुद्धा मालकाची पाठ वळलेली बघून खळीत पिठाची मूठ वाढवली.

बायाक्का हळूच म्हणाली, "यल्लाप्पा, आता तुमचं तुम्हालाच कळतंय. माझं काम सरलं म्हन."

"कशाचं सरलं? निपाणीची तंबाखू खाऊन खाऊन आमचं ओठ मेल्यात आक्का. दोरा लावला तर निम्मं कळलं, निम्मं तुझ्या धुरानं सांगितलं. आनि रोज आमच्याआधी कुनी उठायचं? मी? माझ्या बायकोला इचार, ती सांगंल मी किती उठतोय ते."

त्याची बायको पलीकडून म्हणाली, "लाथ घातल्याबिगार न्हाय."

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि दारात सुपं आली. दार लावणारा आला. कधीच काही न घालणारी दोन घरंही आली. सूप रितं करताना कुणी रंगाऱ्याचं नाव काढलं नाही, उलट रंगारीच एक निळी लडी घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, रातीला सूत टांगायचं झालं तर सांजचं ही तुझ्या दाराला बांधून जाईन. म्हंजे तुला कळंल."

बायाक्कानं ती लडी परसूला दाखवली. बांबूची दोरी जुनी झाली होती, ती बदलायला तो छपरावर चढायच्या तयारीत होता. "अवो, पाय जपून," ती म्हणाली आणि शिडी धरून उभी राहिली.