खलाशी आजोबांची तिथी

देवावर माझा राग होता, आणि तो पुरता गेलाय असं आजही म्हणवत नाही. माझ्या आईचे वडील रत्नागिरीकडचे. प्रवासी बोटीच्या भट्टीत कोळसा लोटायचे. दुसऱ्या महायुद्धात त्या बोटीत सैनिक भरले आणि ती बुडाली. आई तेव्हा पोटात होती. आजीने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, श्राद्धही घालू दिलं नाही. "देह कुणी पाहिलाय?" म्हणायची. पुढे मामांनीही अंग काढून घेतलं.

आता आई ऐंशीच्या पुढे, बहरीनमध्ये ईसा टाउनला माझ्याकडे. मूत्रपिंडं निकामी झालेली. बापाला तिळाचं पाणी मिळाल्याशिवाय जायची नाही, हा तिचा एकच हट्ट. सर्वपित्रीला घालू म्हटलं तर उसळली, "माजा बापूस काय बेवारशी हाय? तिथी शोध त्याची." मी बोटकंपनीला पत्रं लिहिली. उत्तरात साहेबांची नावं होती, सैनिकांची होती; खलाशांचा नुसता आकडा. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला नाही. म्हटलं, तुझ्या दप्तरीही आकडाच असेल.

पितृपक्ष लागला तसे काळे तीळ आणायला हमद टाउनला गेलो. आईही गाडीत बसली. दुकानदार चाचा कोकणी मुसलमान, दापोलीकडचे. आईची बोली ऐकून त्यांनी गाव विचारलं. आईने गाव सांगितलं, मग बापाची बोटही सांगितली. चाचा तीळ तोलता तोलता थांबले.

"त्याच बोटीवर माजे आजोबा सारंग व्हते, बाय. ते वाचले."

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. गावोगावची माणसं त्यानेच बोटीवर नेलेली. परत आल्यावर त्याने बुडालेल्यांची नावं वहीत उतरवली आणि घराला नेम घालून दिला, की दरसाल त्या दिवशी एकेक नाव घेऊन मृतांसाठी फातेहा पढायचा. चाचांनी मोबाइलवर वहीचा फोटो दाखवला. त्यात माझ्या आजोबांचं नाव होतं, त्यांच्या बापाच्या नावासकट. वर बोट बुडाल्याची चांदाची, म्हणजे हिजरी तारीख होती. तीही चंद्राचीच, त्यामुळे भटजींनी तिथी लगेच काढून दिली.

मला वाटलं, आई हरखेल. ती रागाने रडली. "परक्याच्या घरात माज्या बापाशीचा नाव घेतात, आनि आमी घरचे! एक ओंजळ पानी नाय दिला त्याला."

त्याच पंधरवड्यात ती तिथी आली. आईला शेजारी बसवून मी नातू म्हणून आजोबांना तीळपाणी सोडलं. संध्याकाळी चाचांना फोन केला, आभार मानले आणि शहाणपणाने म्हणालो, "यापुढे आमचं आम्ही करू." आईने फोन ओढून घेतला.

"भावा, वहीतला नाव खोडू नुको. आमच्या घराचा काय भरवसा?"

"इंशाल्ला, बाय. नाय खोडणार."

मला राग आला नाही. ती खरंच बोलत होती. इतकी वर्षं मी देवाला जाब विचारत होतो, आणि त्याने आजोबांची सोय माझ्या जन्माआधीच करून ठेवली होती. आमच्यावर विसंबून राहिला नाही, याचेच त्याचे उपकार मानतो.